बाळंतविडा आणि शिवणातली माया
(सुवर्णमहोत्सवी महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘लहान मुलांचे पारंपरिक कपडे’ असे छापले आहे. नाव भारदस्त आहे. माझे काम तितके भारदस्त नाही. तान्ह्या बाळापासून सातआठ वर्षांच्या मुलांपर्यंतचे कपडे मी घरच्या घरी बेतते आणि शिवते. मागणी बहुतेक आपल्यासारख्याच कुटुंबांकडून येते. कोणाची लेक बाळंतपणासाठी कोलकात्याला येणार असते, कोणाच्या नातवाचे बोरन्हाण असते. आणि बोलणे सुरू होते ते एकाच वाक्याने, ‘आमच्या लहानपणी होते ना, अगदी तसे हवे.’ हे ‘तसे’ म्हणजे नेमके कसे, याचा शोध घेणे हा माझ्या कामाचा निम्मा भाग आहे.

बाळंतविडा हा शब्द आता तरुण मुलींना समजावून सांगावा लागतो. बाळासाठी माहेरची आणि आप्तेष्टांची माणसे जे कपडेलत्ते घेऊन येत, तो बाळंतविडा. त्यात अंगडी, झबली, टोपडी, लाळेरी, दुपटी असत आणि सर्वांत मानाची म्हणजे कुंची. डोके झाकून पाठीवर खाली सोडलेली, खणाची किंवा रेशमी काठाची, आतून मऊ अस्तर लावलेली. बारशाच्या दिवशी कुंचीतले मूल पाहिले की घरातल्या साऱ्या बायकांचे चेहरे एकदम का उजळतात, याचे कारण मला सांगता येत नाही. परंतु ते उजळतात खरे.

या कपड्यांना बटणे नसून बंद असत, यात जुन्या बायकांचा पक्का हिशेब होता. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर लांबीचे मूल वर्षाचे होईपर्यंत सुमारे ७५ सेंटिमीटर होते. डोक्याचा घेरही त्या वर्षात दहाबारा सेंटिमीटरने वाढतो. काजाबटणाचे अंगडे दोन महिन्यांत आवळू लागते. बंदाचे अंगडे गाठ सैल केली की आणखी काही आठवडे चालते. शिवाय कुशीवर वळलेल्या बाळाला बटण टोचते, ते वेगळेच. मात्र एक गोष्ट मी बदलली आहे. कुंचीला किंवा टोपड्याला गळ्याशी लांब नाडी मी लावीत नाही. मुलांच्या कपड्यांच्या नाड्या अडकून गळफास बसण्याचे अपघात लक्षात घेऊन अमेरिकेत १९९६ मध्ये याविषयी मार्गदर्शक नियम निघाले. युरोपातही लहान मुलांच्या टोपीला व गळ्याला अशा नाड्या ठेवू देत नाहीत. तेव्हा आजीबाई रुसल्या तरी चालेल, नाडी आखूडच राहील, आणि निजताना कुंची काढायचीच.

नव्या बाळाला जुने कापड, ही रीत तर आपल्याकडे होतीच. तिच्याशी जोडलेल्या समजुती बाजूला ठेवल्या तरी रीत शहाणपणाची आहे. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला खरखरते. दहा वर्षे धुतलेल्या लुगड्याइतके मऊ कापड कोणत्याही गिरणीत तयार होत नाही. बंगालमध्ये आल्यावर मला कळले की येथेही तान्ह्या मुलाची कांथा जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक घालूनच शिवतात. पूर्वी तिच्यासाठी दोराही साडीच्या काठातून उसवून काढीत. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी बंगालच्या खेड्यापाड्यांतून जमविलेल्या कांथांचा संग्रह प्रसिद्ध आहे. त्यावरचे भरतकाम पाहून डोळे निवतात. आपली गोधडी त्या मानाने साधी दिसेल, पण धावदोरा तोच. दोन प्रांतांतल्या दोन आज्यांना एकमेकींची भाषा येत नसली तरी एकीने अर्धवट ठेवलेले दुपटे दुसरी पुरे करू शकते. ही कल्पना नव्हे; तो प्रसंग पुढे सांगते.

आता मायेविषयी. शिवणात टिपेच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. हा शब्द ज्या कोणी प्रथम वापरला त्याला, किंवा बहुधा तिला, माझा नमस्कार. तयार कपड्यांत ही माया जेमतेम टीप धरेल इतकीच असते, कारण तेथे कापडाच्या प्रत्येक बोटाचा हिशेब असतो. आपल्या आया परकर शिवताना बाजूंना दोन बोटे माया ठेवीत आणि खाली घेराला दोनतीन आडव्या टका घालीत. एक इंच खोल टक उसवली की परकर दोन इंचांनी लांब होतो. चार वर्षांपुढचे मूल वर्षाला साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढते. त्यातला सारा भाग काही कमरेखालचा नसतो. म्हणजे दोन टकांचा परकर दोनतीन दिवाळ्या सहज काढतो, आणि मग धाकटीकडे जातो. उसवलेल्या टकेच्या जागी गडद रंगाची एक रेघ राहते. काही आया ती लेस लावून झाकायला सांगतात. मी सहसा झाकत नाही. मूल किती वाढले ते त्या रेघेवर दिसते.

खणाविषयी थोडे सावधपणे बोलावे लागते. खरा खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे हातमागावर विणला जातो. त्याची नक्षी जादा ताण्याच्या धाग्यांनी उठते, छापलेली नसते. आज ‘खण’ म्हणून मीटरवर जे मिळते त्यातले पुष्कळसे यंत्रमागाचे आणि कृत्रिम धाग्याचे असते. कोलकात्याच्या वैशाखात तसले परकर-पोलके घातलेल्या मुलीच्या अंगावर घामोळे उठले, तर दोष परंपरेचा नव्हे. कापडाच्या कडेचा एक धागा काढून जपून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, आणि कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गुठळी होते. दुकानदारासमोर हा प्रयोग करू नये, एवढेच.

हौस आपली असते, पण कपडा मुलाच्या अंगावर असतो. बाराबंदी घालून, काजळाच्या मिशा काढून पाच मिनिटे छायाचित्रासाठी उभे केलेले मूल पुढे त्या कपड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच बाराबंदीची मलमलीची, बिनबाह्यांची, चार बंदांची आवृत्ती मी एका मुलासाठी शिवली. तो ती खेळायला घालून गेला आणि चिखलात माखून आला. त्याच्या आईने तक्रार केली; मला मात्र तेवढा आनंद कोणत्याही शाबासकीने झाला नसता.

मघाशी म्हटलेला प्रसंग असा. एक बाई आपल्या दिवंगत आईचे इरकली लुगडे घेऊन आल्या. लेकीचे सासर बंगाली, पहिले बाळ यायचे होते, आणि कुंची आजीच्या लुगड्याची व्हावी अशी लेकीची इच्छा. मी लुगडे पसरले, खडूने खूण केली, आणि कात्री उचलताच बाईंनी पदरावर हात ठेवला. काही बोलल्या नाहीत. लुगड्याची घडी घालून त्या घरी गेल्या. तीन महिन्यांनी पुन्हा आल्या तेव्हा नात झाली होती. म्हणाल्या, ‘पेटीत ठेवून काय करू? तिथे ते विरतेच आहे.’ खरोखरच घडीवर ते विरले होते. पदर शाबूत होता, त्याची कुंची झाली. विरलेला भाग दुपट्याच्या आतल्या थरांना गेला. वरचा थर म्हणून विहीणबाईंनी आपली जुनी तांताची साडी दिली. आणि बाईंना चष्म्याचा नंबर बदलेपर्यंत दोरा ओवता येईना म्हणून दुपट्याचा उरलेला अर्धा धावदोरा विहीणबाईंनीच घातला. निम्मे टाके लांब, निम्मे बारीक. ‘एवढ्या उकाड्यात मुलीला टोपी कशाला?’ हा त्यांचा प्रश्न मात्र अखेरपर्यंत सुटला नाही, आणि तो अगदीच चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. म्हणूनच त्या कुंचीला मी जुन्या मलमलीचे अस्तर लावले, आणि ती संध्याकाळी, अर्धा तास, एवढीच घालायची असे ठरले.

मंडळाच्या महिला शाखेने दर शनिवारी दुपारी शिवणवर्ग सुरू करण्याचे ठरविले आहे. पहिल्या महिन्यात दुपटे आणि टोपडे, नंतर परकर. यंत्र नसले तरी चालेल, धावदोरा हातानेच घालायचा आहे. सुया, दोरा, खडू येथे मिळेल. जुने लुगडे किंवा धोतर आणताना ते खळ न घालता दोनदा धुऊन, उन्हात वाळवून आणावे. जरीचा काठ असल्यास तो उसवून वेगळा आणावा. आणि एक विनंती: ज्यांचे लुगडे असेल त्या हयात असतील, तर त्यांना विचारून आणावे.