खुबा बदलल्यानंतरचे चालणे



मुकुटबन हे गाव विदर्भातील ज्या झरी जामणी तालुक्यात वसले आहे, तेथे आणि विदर्भाच्या अन्य आदिवासी मुलुखातही सिकलसेल हा आनुवंशिक विकार पिढ्यानपिढ्या घर करून आहे. आणि त्याच्या अनेक यातनांपैकी फारशी बोलली न जाणारी यातना ही, की मांडीच्या हाडाच्या गोल शिराचा रक्तपुरवठा खुंटून ते ऐन तारुण्यात खचते. वार्धक्यातल्या लंगडण्याला सहानुभूती तरी लाभते. कापसाच्या शेतात पंचविशीतच पाय ओढणाऱ्या मजुराच्या वाट्याला बहुधा आळशीपणाचा आरोप येतो, याचे मला अतीव दुःख आहे.

अशा खचलेल्या खुब्याला कृत्रिम सांधा हा खात्रीचा उपाय १९६२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी सिद्ध केला. अलीकडे त्यात संगणकाचे साहाय्य घेतात: हाडाला लावलेल्या खुणांचा कॅमेरा मागोवा घेतो आणि कटिराच्या खोबणीत बसवायची वाटी कोणत्या कोनात बसते आहे, हे शल्यविशारदास पडद्यावर दाखवितो. ही वाटी सुमारे ४० अंश कललेली असावी, १० अंश इकडेतिकडे चालेल, असा १९७८ पासूनचा प्रसिद्ध दंडक आहे. आणि तो पाळण्यात संगणक मानवी नजरेपेक्षा सरस ठरतो, यात संशय नाही.

परंतु संगणकाच्या साहाय्याने आणि त्याविना शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची चाल काही महिन्यांनी ताडून पाहिली असता, गती व पावलाची लांबी यांत सहसा लक्षणीय तफावत आढळत नाही. कारण उघड आहे. एका पायावर उभे असताना कटिर तोलून धरतात ते कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू. वर्षानुवर्षे लंगडून ते दुर्बळ झालेले असतात, आणि त्यांना बळ देणे कोणत्याही यंत्राच्या अखत्यारीत नाही. ते येते नियमित व्यायामाने, आधी वॉकर आणि मग विरुद्ध हातात काठी धरून टाकलेल्या पावलांनी, आणि डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत उकिडवे न बसण्याच्या संयमाने.

म्हणून संगणकासाठी कोणी जमीन गहाण ठेवू नये. सिकलसेलच्या रुग्णास शस्त्रक्रियेत जोखीम अधिक असते. तेव्हा अनुभवी शल्यविशारद आणि रक्तपेढीची तजवीज जेथे आहे, तेच रुग्णालय निवडावे, आणि शासकीय योजनेचा लाभ मिळेल काय, याची रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी. आरोग्य खात्यास माझी कळकळीची विनंती आहे, की तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस तरी व्यायामोपचारतज्ज्ञ नेमाने बसेल, अशी व्यवस्था करावी.