आधी खोली, मग यंत्र



ज्या काळी आपले छायाचित्रकारांचे काम अंधारखोलीत चालत असे, त्या काळी तांबड्या दिव्याच्या जागेपासून दाराच्या फटीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा बंदोबस्त डोळ्यांत तेल घालून केला जाई. आज तेच काम घरातल्या एखाद्या कोपऱ्यात संगणकाच्या पडद्यासमोर होत असता, त्या कोपऱ्याच्या भिंतीचा रंग कोणता आणि तेथे उजेड कुठून येतो, याची आपल्यापैकी फारच थोडे लोक दखल घेतात, हे मला मनापासून खटकते.

सभोवतीचा रंग डोळ्याला कसा फसवितो, याचा एक जुना दाखला पाहा. पॅरिस येथील गोबलँ या भित्तिवस्त्रांच्या विख्यात कारखान्यात रंगशाळेचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे अशी तक्रार आली की, तेथील काळ्या रंगाला तेज नाही. त्यांनी तेथील काळे सूत इतरत्र रंगविलेल्या सुताशी ताडून पाहिले आणि निर्णय दिला की, रंग निर्दोष आहे. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यामुळे तो निस्तेज भासतो. या अन्वेषणावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला.

हाच प्रकार आपल्या घरी नित्य घडतो. पिवळट दिव्याखाली आणि पिवळट भिंतीपुढे बसलेल्याची दृष्टी त्या पिवळेपणालाच शुभ्र मानू लागते, त्यामुळे पडद्यावरचे चित्र तिला निळसर दिसते, आणि ते सुधारण्याच्या सद्हेतूने तो त्यात पिवळा रंग वाढवीत जातो. मग हळदीच्या दिवशीचा नवरीचा चेहरा अल्बममध्ये काविळीचा दिसतो, आणि दोष छापखान्याच्या माथी येतो. म्हणून भिंत राखाडी, निर्वर्ण आणि चकाकी नसलेली असावी. पडद्यावरची पार्श्वभूमीही तशीच असावी, आणि अंगात भडक सदरा नसावा, कारण त्याचीही छटा काचेवर उतरते. खिडकीचा प्रकाश सकाळी एक आणि सायंकाळी दुसरा असतो. जाड पडदे लावून तो आवरावा, आणि सुमारे ५००० केल्विनचा, रंगदर्शन निर्देशांक ९० हून अधिक असलेला मंद दिवा अशा जागी ठेवावा की त्याचा झोत काचेवर पडणार नाही.

एवढे झाल्यावर यंत्राकडे वळावे. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा. त्याचा शुभ्रबिंदू ६५०० केल्विनवर आणि तेजस्विता प्रतिचौरस मीटर ८० ते १२० कँडेलांच्या दरम्यान आणावी. कारखान्यातून येणारे बहुतेक मॉनिटर याहून पुष्कळ प्रखर असतात, आणि छापील चित्र काळवंडते या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा तेथेच सापडते. त्यानंतर कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजणारे उपकरण, काचेवर ठेवून मॉनिटरचे रंग-प्रोफाईल तयार करावे, आणि महिन्याकाठी ही मोजणी पुन्हा करण्याचा शिरस्ता ठेवावा. छापून आलेला कागद मात्र पडद्याच्या उजेडात पाहू नये. त्याच्यासाठी ५००० केल्विनचा स्वतंत्र दिवा आणि कागदावर सुमारे ५०० लक्सचा प्रकाश, अशी तजवीज आंतरराष्ट्रीय मानकाने सांगितली आहे.

भिंत रंगविण्याचा खर्च कोणासही पेलेल. कॅलिब्रेटरचे तसे नाही, आणि तालुक्याच्या गावी एकट्याने स्टुडिओ चालविणाऱ्या व्यावसायिकाने महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी कर्ज काढावे, हे मला रास्त वाटत नाही. म्हणून प्रत्येक जिल्हा शाखेने एक कॅलिब्रेटर विकत घेऊन तो सभासदांस पाळीपाळीने, नोंदवहीत दाखल करून द्यावा, अशी माझी या परिषदेस शिफारस आहे, आणि दुपारच्या सत्रात तिच्यावर चर्चा व्हावी अशी विनंती आहे.