हप्ता पुढे ढकला, पण माणूस सोडू नका

कापूस वेचून, भाकरी टाकून, कामाच्या रगाड्यातून रेडिओजवळ बसलात, त्याबद्दल आभार. दर वेळी मी बचत, व्याज, शेळीपालन असं बोलते. आज एका लेकराबद्दल आणि त्याच्या आईबद्दल बोलणार आहे.

15 डिसेंबर 2024 ला सोमनाथ सूर्यवंशी गेला. आपल्या परभणीत हे नाव माहीत नाही असं घर नसेल. 10 डिसेंबर 2024 ला रेल्वे स्टेशनजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक झाली, मग धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ होता. वय 35. वकिलीचं शिक्षण घेत होता. पिढ्यानपिढ्या दगड फोडून पोट भरणाऱ्या वडार समाजातला हा मुलगा कायद्याचं पुस्तक हातात घेऊन बसला होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि 15 तारखेला तो गेल्याची बातमी आली. छातीत दुखू लागलं होतं, असं सांगण्यात आलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं कारण आलं.

त्याची आई विजयाबाई. सरकारने 10 लाखांची मदत जाहीर केली, ती या माउलीने घेतली नाही. मला न्याय पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. 4 जुलै 2025 ला खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. त्या आदेशाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही 30 जुलैला तो आदेश कायम राहिला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. ते ठरवायला आपण बसलेलो नाही. पण एक आई तिथवर पोचली, हे आपण बघितलं.

ही बातमी आली तेव्हा आमच्या गटाच्या बैठकीत वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "पैसे घ्यायला पाहिजे होते माय. गेलेलं लेकरू काही परत येतंय का? घराला आधार तरी झाला असता." दुसरी म्हणाली, "पैसे घेतले की लोक म्हणतात, मिटलं." दोघींचं ऐकून मी गप्प बसले, कारण मला दुसरंच एक घर आठवत होतं. आमच्या गावातलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय 24. कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो, पाण्याचा ड्रम उचलायला हाच पुढे. आमच्या गटाचं इतिवृत्त लिहायची वही कितीदा त्यानेच तालुक्याहून आणून दिली होती. सगळं गाव रडलं. पहिले दिवस त्या घरची चूल आम्ही पेटू दिली नाही. पिठलं, भाकरी, चहा, सगळं आमच्या घरून जायचं. तेरावा झाला आणि मग आम्ही सगळ्या सोयाबीनच्या काढणीला लागलो.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला त्या ताई आल्या नाहीत. नियमाप्रमाणे वहीत गैरहजर लिहिलं. हप्ता थकला, तोही लिहिला. लिहिणारी मीच. तिसऱ्या महिन्यात एक जण हप्त्याचं विचारायला त्यांच्या दारात गेली. ताईंनी काही न बोलता पत्र्याच्या पेटीतून त्या पोराचं पासबुक काढलं आणि म्हणाल्या, "यात काय असंल तर घ्या." त्या पासबुकात 20 रुपये कापल्याची नोंद होती. अपघात विम्याची. 2 लाखांचा विमा, आणि तीन महिने कुणी पासबुक उघडून पाहिलं नव्हतं. हप्ता भरायची माहिती गावाला मीच दिली होती. पण दुःखाच्या घरात पैशाचं कसं बोलायचं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. उशीर का झाला, याचे खुलासे देता देता त्या माउलीचे आणखी चार महिने गेले. माझा तो संकोच त्यांना महागात पडला.

म्हणून आता आमच्या गटात काही गोष्टी ठरल्या आहेत. त्या सांगते.

पहिली गोष्ट, कागदाचं काम आईबापावर टाकायचं नाही. गटातल्या दोघींनी ते अंगावर घ्यायचं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची. अपघात असेल तर पोलिसांची फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागून ठेवायच्या. पासबुक उघडून बघायचं. 20 रुपये कापलेले असतील तर तो अपघात विमा. 436 रुपये कापलेले असतील तर तो जीवन विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाखांचा. शेतकरी कुटुंब असेल आणि अपघात असेल, तर गोपीनाथ मुंडे योजनेचं कृषी कार्यालयात विचारायचं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कर्ता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून 20,000 रुपये मिळतात, अर्ज तहसीलला. या सगळ्याला मुदत असते. म्हणून तेराव्याची वाट बघायची नाही.

दुसरी, हप्ता आपण होऊन पुढे ढकलायचा. तिने मागायची वाट बघायची नाही. बैठकीत ठराव घ्यायचा, वहीत लिहायचा, आणि एकीने घरी जाऊन सांगायचं.

तिसरी, वकील लागला तर घाबरायचं नाही. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. कायदाच आहे तसा, 1987 चा. फोन 15100. विजयाबाईंकडे बघा. शेवटपर्यंत जायचं ठरवलं तर वाट आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड. जात राहायचं. दहा दिवस सगळेच येतात. खरी गरज तिसऱ्या महिन्यात लागते, पहिल्या दिवाळीला, त्याच्या वाढदिवसाला लागते. गेल्यावर "देवाची मर्जी", "दुसरा आहे ना", असं बोलायचं नाही. कसं झालं, काय झालं, हे पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. निवडायला तूर घेऊन बसा, बोलली तर ऐका. जेवण तुटलं, झोप तुटली, जगण्यात राम नाही असं ती म्हणू लागली, तर एकटी सोडू नका. 14416 वर फोन लावा, टेली-मानस. फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि त्याचं नाव घ्या. आपल्याला वाटतं, नाव काढलं तर आईला रडू येईल. अहो, ती तशीही रडतेच, एकटी. मागच्या संक्रांतीला मी त्या ताईंना म्हणाले, "तुमच्या पोराने आणलेली वही अजून चालू आहे, चार पानं राहिलीत." त्यांनी वही मागितली, त्याने पहिल्या पानावर लिहिलेलं गटाचं नाव बोटाने चाचपून पाहिलं. पुढच्या बैठकीला त्या आल्या. स्वतःहून.

आमच्या त्या वादाचं उत्तर मला आता सापडलंय. मदत घ्यायची की नाकारायची, ते त्या आईने ठरवायचं. जी घेते तिला लोभी म्हणू नका. जी नाकारते तिला वेडी म्हणू नका. दोघींच्या दारात आपण बसायचं, एवढंच आपलं काम.

तुमच्याही गावात असं एक घर असेल. या आठवड्यात जाऊन या. हातात काही नसलं तरी चालेल.

येते मी. नमस्कार.