ग्रामीण ब्रॉडबँड : तार, दर आणि वापर



शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन शेजारी तालुके. दळणवळणाची उणीव या भागाला पूर्वीही फारशी नव्हती. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन असून तेथून मनमाडकडे फाटा जातो. शिरूर हे पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे आणि त्याच रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. परंतु हमरस्ता सोडून आत वळले की चित्र पालटते. पाणी आले तसतसा शेतकरी गावठाण सोडून आपल्या रानात राहावयास गेला. गावाचे नाव एक, पण वस्त्या दहा, असा प्रकार अनेक ठिकाणी आहे. इंटरनेटच्या प्रश्नाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. कारण तार येते ती ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत आणि माणूस राहतो तो वस्तीवर.

या प्रश्नाचा एक जुना दाखला पुणे जिल्ह्यातच सापडतो. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळात साधारणतः वीस सभासद असत. कार्यक्रम ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा होई आणि मंडळाचा चिटणीस चर्चेचा वृत्तांत लिहून आकाशवाणीकडे पाठवी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांबरोबरच मंडळ नसलेल्या गावांचीही तपासणी झाली. त्यांपैकी काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. जेथे नुसताच रेडिओ होता तेथे ती अल्प होती. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो त्याभोवती जमणाऱ्या माणसांचा आणि वही लिहिणाऱ्या चिटणिसाचा.

आज रेडिओची जागा ऑप्टिकल फायबरने घेतली आहे. ग्रामपंचायतींना अशा तारेने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर 2011 मध्ये मान्यता दिली. 2015 मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे लक्ष्य होते आणि त्यांपैकी दोन लाखांहून अधिक ठिकाणी जोडणी पोहोचली आहे. काम प्रचंड आहे यात संशय नाही. तथापि पहिल्या टप्प्यांत तार एका सरळ रेषेत टाकली गेली. रस्तारुंदीकरणात कोठे एका जागी जेसीबीचा दात लागला, की त्यापुढची सारी गावे एकदम बंद पडत. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच कड्याच्या आकाराच्या जोडणीवर भर आहे. एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क चालू राहतो. ब्रॉडबँडची व्याख्याही बदलली. पूर्वी सेकंदाला 512 किलोबिट वेग पुरेसा समजला जाई. जानेवारी 2023 पासून किमान दोन मेगाबिट हे प्रमाण ठरले. अर्थात कार्यालयाला कुलूप असेल तर वेगाचा प्रश्न गौण ठरतो.

दुसरा भाग दराचा. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने 2018 साली असे उद्दिष्ट ठेवले, की प्राथमिक सेवेचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी असावा. सरासरीच्या हिशेबात भारत या कसोटीस उतरतो, कारण येथील मोबाइल डेटा जगातील स्वस्तांपैकी आहे. मात्र सरासरी ही फसवी गोष्ट असते. बागायतदाराच्या आणि ऊसतोड मजुराच्या घरचा रिचार्ज एकाच किमतीचा असतो. जुलै 2024 मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढविले तेव्हा ती वाढ दोघांनाही सारखीच लागू झाली.

तिसरा भाग वापराचा, आणि सर्वांत दुर्लक्षित. ‘असर’च्या 2021 च्या पाहणीनुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या 67.6 टक्के घरांत स्मार्टफोन होता. परंतु अशा घरांतीलही 26.1 टक्के मुलांच्या हाती तो मुळीच येत नव्हता. फोन वडिलांच्या खिशात आणि वडील कामावर, हे कारण शिक्षकांना नवे नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील 48.7 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण 24.6 टक्के होते. घरात एक जोडणी आहे म्हणून सारे घर जोडले गेले, असे धरून चालता येत नाही.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी होती. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढावयाची, ही कल्पना निःसंशय चांगली आहे. पण ज्या वृद्ध शेतकऱ्याजवळ साधा फोन आहे, किंवा जिचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे अशी एकटी बाई जमीन कसते, तिने काय करावे? नोंद राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी तिच्या हाती पुरावा राहत नाही. तलाठ्याकडून व सहायकांकडून अशी नोंद करून घेता येते. मात्र ही सोय तिला वेळेवर सांगणारे कोणी तरी गावात असले पाहिजे.

शिरूर तालुक्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करीत शिकविण्याची तेथील पद्धत आहे, आणि 2002 मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने तेथे फॅब लॅबही उभी राहिली. अद्ययावत यंत्र आणि खेड्यातील मुलाचा हात यांची सांगड बसू शकते, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. गावातील एखाद्या अशा मुलास किंवा मुलीस पंचायतीच्या जोडणीची देखभाल सोपविता येईल. किराणा दुकानदारासही आपल्या दुकानातून वायफाय सेवा परवान्याविना देण्याची मुभा डिसेंबर 2020 मध्ये मान्य झालेल्या पीएम-वाणी योजनेने दिली आहे. शाळेची खोली सायंकाळी दोन तास उघडी ठेवणे तर मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांच्या विचारानेच होण्यासारखे आहे.

1956 च्या मंडळांतील चिटणीस सभासदांच्या शंका लिहून पाठवीत आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. तशीच एक वही ग्रामपंचायत कार्यालयात ठेवता येईल. जोडणी कोणत्या दिवशी बंद होती, किती माणसे आली, कोणत्या कामासाठी आली, याची नोंद तीत असावी आणि ती दरमहा पंचायत समितीकडे जावी. काम न होता परत गेलेल्यांसाठी तीत एक स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि त्यांत स्त्रिया किती हेही लिहावे.