‘मी येतो’ आणि ‘मी येते’

ढाणकीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात भरलेल्या साहित्य मेळाव्यात स्त्री आणि पुरुष या दोन कप्प्यांत न मावणाऱ्या माणसांचा विषय अध्यक्षांनी कशासाठी घ्यावा, हा आक्षेप अपेक्षितच आहे. तो सुरुवातीलाच खोडून काढणे भाग आहे, कारण हा विषय शहरातून किंवा मोबाइलमधून गावात आला असे मानणाऱ्यांनी स्वतःची भाषा कधी नीट ऐकलेली नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला स्वतःच्या येण्याजाण्याविषयी सांगताना बाई की पुरुष हे सांगावे लागत नाही. मराठीत मात्र ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांतून एक निवडल्याशिवाय अशी कितीतरी साधी वाक्ये पुरी होत नाहीत. त्यामुळे मुलगा म्हणून वाढवलेले लेकरू एके दिवशी ‘मी शाळेत जाते’ असे म्हणते, तेव्हा त्याने कोणतेही परदेशी पुस्तक वाचलेले नसते. मायबोलीने त्याच्यापुढे दोन प्रत्यय ठेवले आणि त्यातला स्वतःला लागू पडणारा त्याने उचलला, एवढेच घडलेले असते. घर त्या प्रत्ययावर आधी हसते, मग तो दुरुस्त करते आणि शेवटी त्यासाठी हात उगारते. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सर्रास ‘मी येतो’ म्हणतात आणि त्यांच्या बाईपणावर कोणी बोट ठेवत नाही, हे ध्यानात घेतले तर हा मार व्याकरणासाठी नसतो हे उघड होते.

या चर्चेत जे शब्द एकमेकांत मिसळले जातात ते वेगळे करणे आवश्यक आहे. लिंग म्हणजे शरीराची घडण, आणि तीही सर्वांची दोनच साच्यांतली नसते. काही मुले जन्मतःच दोन्हींच्या दरम्यानची शरीररचना घेऊन येतात, त्यांना आंतरलिंगी म्हणतात. लिंगभाव म्हणजे त्या शरीरावर समाजाने चढवलेली वागणुकीची अपेक्षा. लिंगओळख म्हणजे माणसाला आतून स्वतःविषयी असलेली जाणीव. आणि अभिव्यक्ती म्हणजे ती जाणीव कपड्यांतून, केसांतून, चालण्याबोलण्यातून बाहेर दिसणे. जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगाशी ज्यांची ओळख जुळत नाही त्यांना पारलिंगी म्हणतात. त्यांच्यातल्या काहींना स्वतःला बाई किंवा पुरुष म्हणवून घ्यायचे असते, तर काहींना दोन्ही शब्द अपुरे वाटतात आणि त्यांच्यासाठी नॉन-बायनरी हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. कोणाविषयी आकर्षण वाटते ही यांहून निराळी गोष्ट आहे. हिजडा हे मात्र गुरू-चेला परंपरा, घराणी आणि स्वतःचे रीतिरिवाज असलेल्या एका समाजाचे नाव आहे, त्यामुळे प्रत्येक पारलिंगी व्यक्तीला ते लावणे चूक आहे आणि शिवी म्हणून वापरणे हा गुन्हा मानला पाहिजे.

असे सांगताच विद्वानांचा एक वर्ग अर्धनारीनटेश्वराचा, शिखंडीचा आणि बृहन्नडेचा दाखला देऊन आपली संस्कृती किती उदार आहे हे सांगू लागतो, आणि या भाषणाचा खरा झगडा त्या आत्मसंतुष्टतेशीच आहे. मराठी समाजाने दोन कप्प्यांबाहेरच्या माणसाला जागा दिली, हे खरे आहे. पण ती कुठे दिली, हेही पाहिले पाहिजे. पैनगंगेच्या पल्याड माहूरगडावर रेणुका आहे. तिचेच रूप मानल्या जाणाऱ्या सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला जोगता लुगडे नेसतो, परडी घेऊन जोगवा मागतो आणि त्याच्या पायाशी संसारी माणसे वाकतात. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेल्या साडीचे आणि माळलेल्या गजऱ्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, तमाशातल्या नाच्याला शिट्ट्या मिळाल्या, आणि वारकरी तर ज्ञानेश्वरांना माउली आणि विठ्ठलाला विठाई म्हणताना कधी अडखळले नाहीत. म्हणजे देव्हारा, रंगमंच आणि तमाशाचा बोर्ड या तीन ठिकाणी संमती होती. घर, शाळा आणि मजुरीचा अड्डा या तीन ठिकाणी ती नव्हती आणि आजही नाही. देवीने धरले असे म्हटले तरच आईबाप मान्य करतात, याचा अर्थ लेकराने पवित्र तरी व्हावे किंवा घर तरी सोडावे. साधे, नोकरी करणारे, भाजी आणणारे, आजारी आईची सेवा करणारे माणूस म्हणून राहण्याची परवानगी या उदार संस्कृतीने दिलेली नाही. ज्याच्या पाया पडायचे त्याला पंगतीला शेजारी बसू द्यायचे नाही, या व्यवहाराला औदार्य म्हणता येत नाही.

सत्तेनेही हेच केले, फक्त अधिक उघडपणे. ब्रिटिश सरकारच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठीच होता. ज्या प्रांतांत तो लागू झाला तेथे त्यांची नोंदवही ठेवली गेली आणि रस्त्यावर बायकी पोशाखात दिसणे हाच शिक्षेस पात्र अपराध ठरला. स्वतंत्र देशाच्या जनगणनेत स्त्री-पुरुषांव्यतिरिक्त ‘इतर’ हा पर्याय यायला 2011 साल उजाडावे लागले, आणि त्या वर्षी देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 माणसे त्या रकान्यात नोंदली गेली. जो समाज ओळख सांगणाऱ्याला मारतो त्याच्या दारात प्रगणकाला खरे उत्तर किती जणांनी दिले असेल, याचा विचार हे आकडे वाचताना करावा लागतो. पुढे 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना, स्वतःचे लिंग स्वतः ठरवणे हा व्यक्तीचा अधिकार आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, असे स्पष्ट केले. संसदेने 2019 मध्ये केलेल्या कायद्याने मात्र त्या अधिकारावर जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचा शिक्का बसवला आणि पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली, तर स्त्रीवरील बलात्काराला तेव्हा किमान दहा वर्षे होती. ज्या समाजाला एकाच अपराधाची किंमत पीडिताच्या लिंगावरून ठरवावीशी वाटते, त्याने संस्कृतीच्या गप्पा आवरत्या घ्याव्यात.

खेड्यातल्या लोकांना हे पचणार नाही, हा दुसरा आवडता युक्तिवाद तर खेड्यांनीच खोटा पाडला आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळच्या मतदारांनी 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंचपदी निवडून दिले. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी महिलांसाठीच्या जागेवर भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये त्यांची स्वतःची ओळख ग्राह्य धरली आणि गावाने त्यांना ग्रामपंचायतीवर निवडून दिले. अडवले ते कागदाने, गावाने नव्हे. ढाणकी ज्यात येते त्या उमरखेड तालुक्यातले मतदार भादलीच्या मतदारांहून मनाने लहान आहेत असे कोणाला म्हणायचे असेल, तर त्याने ते याच व्यासपीठावर येऊन म्हणावे.

पोटच्या लेकराला भगताकडे किंवा ‘बरे करून देणाऱ्या’ डॉक्टरकडे नेणाऱ्या आईबापांशी मात्र कठोर शब्दांत बोलणे योग्य नाही, कारण त्यांना दुसरे काही कोणी सांगितलेलेच नाही. त्यांना सांगायचे ते इतकेच की जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात पारलिंगी ओळख मनोविकारांच्या यादीतून काढली आहे आणि ती ‘बदलून देण्याचे’ उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये जाहीर केले आहे. आजारच नसेल तर औषध कशावर द्यायचे?

आता साहित्याकडे वळले पाहिजे, कारण या मेळाव्याचे उत्तरदायित्व तेथे आहे. मराठी साहित्यात ही माणसे दीर्घकाळ दुसऱ्यांच्या लेखणीतून आली, आणि बहुधा विनोदासाठी किंवा कीव येण्यासाठी आली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन आणि दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह यांनी तो क्रम उलटवला. सांगणारे आणि ज्याच्याविषयी सांगायचे ते एकच झाले. दलित आत्मकथनांनी मराठी गद्याला जे दिले त्याचे मोल ज्यांना कळते, त्यांना या पुस्तकांचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये. तरीही जिल्ह्या-तालुक्यांच्या कविसंमेलनांत या कवींना बोलावणे जाते ते ‘वेगळा विषय’ म्हणून, एका सत्रापुरते.

व्याकरणाने तिसऱ्या लिंगाला नपुंसक हे नाव दिले आणि व्यवहाराने त्या नावाची शिवी केली. पण त्याच लिंगात मराठीने बाळ, मूल, लेकरू आणि पोर हे शब्द ठेवले आहेत, आणि मराठी आईने मायेने उच्चारलेले ‘ते’ कोणालाही हीन वाटत नाही. ‘ते लेकरू’ म्हणून सहज जवळ घेतलेले मूल दहा-बारा वर्षांचे होताच त्याच्याकडून ‘तो’ किंवा ‘ती’ची हमी मागितली जाते. ढाणकीच्या एखाद्या वर्गात हजेरी घेताना ‘हजर’ एवढाच शब्द दोन्हींसाठी चालतो. त्यानंतर ते मूल उठून ‘मी वाचते’ म्हणाले, तर शिक्षकाने पुस्तकाचे पान सांगावे आणि वाचू द्यावे.