देणगीदारांचा दगड

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात कलशारोहणाच्या आदल्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या सकाळी कळस चढेल. ज्या देवळाच्या माळवदातून पावसाळ्यात थेट देवाच्या मस्तकावर धार लागत होती आणि पुजारीबुवांना गाभाऱ्यात पातेली मांडून ठेवावी लागत होती, ते देऊळ आज नव्याने उभे आहे. घरटी माणूस राबला, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली, आणि काहींनी तर ऐपतीबाहेर दिली. ही सर्व हकीकत जमाखर्चासह याच स्मरणिकेत अन्यत्र आलेली आहे. तिची पुनरुक्ती नको.

मात्र काम पुरे होत आले तसे पारावर एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले आहे. ‘देऊळ झाले झकास, पण जुन्याची सर नाही.’ गंमत अशी की असे म्हणणारांतील निम्म्याजणांनी ग्रामसभेत स्लॅबच्या बाजूने हात वर केले होते. तरीही ते खोटे बोलत नाहीत. कडीपाटाखालचा तो गारवा, तेलाचा आणि जुन्या लाकडाचा तो वास, हरिपाठाच्या वेळी तुळयांखाली घुमणारा आवाज, ओवरीतला तो कोनाडा, ज्यात शाळा चुकवणारी मुले पाट्या लपवून ठेवीत, हे सारे गेले ते गेलेच. त्याची हुरहूर लागणे स्वाभाविक आहे. शहाणी माणसे या हुरहुरीला स्मरणरंजन म्हणतात. शब्द चांगला आहे, आणि प्रामाणिकही आहे, कारण त्यात रंजन आहे हे तो लपवीत नाही. आठवण काढून जीव रमवावा, त्यात गैर काही नाही. परंतु त्याला कृतज्ञता समजू नये. ती गोष्ट वेगळी आहे आणि थोडी अवघडही आहे.

कृतज्ञ या शब्दाची फोड सोपी आहे. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. कोणी काय केले ते ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. नमस्कार, हारतुरे, शाल, श्रीफळ हे सगळे त्यानंतरचे. संस्कृत न शिकलेल्या आपल्या आयाबायांनी हाच अर्थ साध्या मराठीत नेमका धरून ठेवला आहे. ‘त्याला जाण आहे हो’ असे त्या म्हणतात. जाण असणे म्हणजेच जाणणे. ‘आभारी आहे’ हे शब्द गावात कोणी कोणाला म्हणत नाही. अडीअडचणीला बैलजोडी दिलेल्या शेजाऱ्याला ‘आभारी आहे’ म्हटले तर तो चमकून पाहील की याचे काही बिनसले की काय. म्हणून गावात कृतज्ञता नव्हती असे थोडेच आहे? उतराई होणे, पांग फेडणे, खाल्ल्या मिठाला जागणे, असे किती शब्द आहेत पाहा. या सगळ्यांत देणे लागते, फेडायचे असते. तोंडाने म्हणून मोकळे होण्याची सोय त्यांत नाही.

आणि जाण ठेवायची तर नोंद ठेवावी लागते. ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी फार लवकर ओळखली होती. मराठीतील अगदी जुने असे जे कोरीव लेख आहेत, त्यांपैकी एक कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या प्रचंड मूर्तीच्या पायाशी आहे. मोजक्या शब्दांचा लेख. मूर्ती चावुंडराजाने करविली, आणि सभोवारचे आवार गंगराजाने करविले, एवढाच त्यातला मजकूर. म्हणजे आपल्या भाषेतील जी पहिली वाक्ये दगडावर टिकली त्यांत हे एक आहे, आणि ते कोणी काय बांधून दिले याचे आहे. दुसऱ्याने भर घातली ती त्याच्या नावावर, पहिल्याचे श्रेय पहिल्याच्या नावावर. फेरफाराची नोंद इतकी चोख आजही सगळीकडे होत नाही. शिवाय आवाराला तेथे जो शब्द घातला आहे तो कानडी आहे. गोमटेश्वर कानडी मुलखातला, लेख मराठी, आणि मराठीत कानडी शब्द. कोणाचे काही अडले नाही.

दुसरा लेख तर पंढरीच्या विठोबाच्या देवळातच आहे. वारीला जाणाऱ्यांना तो ‘चौऱ्यांशीचा दगड’ म्हणून माहीत आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी भाविकांची श्रद्धा. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला पाठ घाशीत आले. त्या दगडावर काय कोरले आहे? शके 1195 ते 1199, म्हणजे इसवी सन 1273 ते 1277, या काळात विठ्ठलाच्या देवळासाठी कोणी काय दिले त्याची ती नोंद आहे. यादवांचा राजा रामदेवराय आणि हेमाडपंडित यांची नावे त्यात आहेत, तशीच इतर भक्तमंडळींचीही आहेत. साडेसातशे वर्षांपूर्वीची देणगीदारांची यादीच ती. ज्यांनी दिले त्यांना वाटले असेल की नाव आचंद्रसूर्य राहील. आणि येणाऱ्यांनी त्या नावांवर पाठ घासली, कारण त्यांना अक्षर वाचता येत नव्हते आणि दगड पवित्र आहे एवढे मात्र ठाऊक होते. देणगीदाराला याहून मोठा मान कोणता मिळावयाचा? पण ज्याने वाचले नाही त्याला जाण आली नाही, हेही तितकेच खरे. श्रद्धा राहिली आणि माहिती झिजली.

त्याच पंढरपुरात महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर, चोखोबांची समाधी आहे. परंपरा असे सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळून इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. ते साल शके 1260, म्हणजे 1338. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून तेथे ठेवल्या. ज्यांनी पैका दिला त्यांचा दगड आत, आणि बांधकामावर ज्याचा जीव गेला त्या संताची समाधी बाहेर. त्यांच्या जातीच्या माणसाला पायरी चढून आत जाण्यास सहाशे वर्षे लागली. 1930 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना नाशिकच्या काळारामासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा विठोबाचे दार सर्वांना उघडले.

हे सांगण्याचे कारण असे की ‘जुने ते सोने’ म्हणताना आपण जे जुने आठवतो ते बहुधा ओवरीत बसून पाहिलेले असते. पारापलीकडे उभे राहून ज्यांनी जुने देऊळ पाहिले त्यांची आठवण निराळी असणार. यात्रेची दवंडी कोणी दिली, रात्री पालखीपुढे मशाल कोणी धरली, वेशीची राखण कोणी केली, आणि मग दर्शन कोठून घेतले, हे वयस्कर मंडळींना ठाऊक आहे. बलुत्याचा तो सगळा व्यवहार आता राहिला नाही. कनिष्ठ गाव वतने 1958 च्या कायद्याने गेली, पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. गेली ते बरेच झाले. पण वतन खालसा झाले म्हणून केलेल्या कामाची जाणही खालसा करावी असे त्या कायद्यात कोठे लिहिलेले नाही. यंदा सर्व आळ्यांचे लोक एकाच मांडवात कामाला होते आणि एकाच पंगतीला बसले. याची नोंद समितीने वृत्तांतात करावी. गौरव म्हणून नव्हे. जे झाले ते लिहिलेले असावे, एवढ्यासाठी.

आता भाषेकडे वळू. शाळेतील मुले इंग्रजी शब्द फार वापरतात, मराठी बाटली, अशी तक्रार पारावर नेहमीची आहे. तक्रार करणारांनी देवळाच्या कामावर दिवसभर उभे राहून पाहावे. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. घमेले त्यांच्याचकडचे. शनिवारी मजुरांना वाटला तो पगार आणि नव्या दाराची चावी, हेही तिकडचेच. खुद्द मजूर आणि दरवाजा फारशी आहेत. बरे, हे कामावरचे झाले. देवापुढे काय आहे? नगारा अरबी, मशाल अरबी, सनई फारशीतून आली. बुक्क्याच्या शेजारी असणारा अबीर अरबी आणि गुलाल फारशी. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातील परक्या शब्दांना पर्याय देण्यासाठी राज्यव्यवहारकोश करविला. ते कार्य थोर होते, आणि सेनापती, सचिव हे शब्द आजही चालतात. परंतु अबीर आणि गुलाल कोणी देवापुढून उचलले नाहीत. जो शब्द देवाच्या कपाळी लागला तो घरचा झाला. भाषेचे बांधकामही वर्गणीतूनच झाले आहे म्हणा ना, आणि तिच्या देणगीदारांची यादी मात्र कोठेच लावलेली नाही.

तेव्हा नवे शब्द आले याचे भय बाळगण्याचे कारण नाही. स्लॅब, कॉलम, सेंट्रिंग हे शब्द गावाने तीन वर्षांत पचविले. चिंता वाटते ती निराळ्या गोष्टीची. माळवद, कडीपाट, तुळई, खण, देवळी, कोनाडा या वस्तू गेल्या आणि त्यांबरोबर शब्दही चालले. चौथीतील मुलाला देवळी म्हणजे काय विचारले तर तो लहान देऊळ म्हणतो. त्याचे काय चुकले? त्याने भिंतीतली ती दिवा ठेवायची जागा पाहिलीच नाही. चार आणे चलनातून 2011 साली कायमचे गेले, तरी ‘सोळा आणे खरे’ ही भाषा राहिली, शेर गेला तरी शेरास सव्वाशेर भेटतोच, कारण ते शब्द व्यवहारातून बोलीच्या म्हणींत जाऊन बसले. कडीपाटाला तशी म्हण मिळाली नाही. तो कोणी तरी लिहून ठेवला तरच राहील. मराठीला 2024 साली केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दिल्लीहून दर्जा येऊ शकतो, देवळीचा अर्थ येऊ शकत नाही. तो याच गावच्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे आणि ती माणसे दरसाल कमी होत आहेत.

जुन्या पायाजवळ निघालेल्या दोन वीरगळांचेही असेच. खाली लढाई, मध्ये अप्सरांसह स्वर्गाकडे निघालेला वीर, वर शिवपूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र, अशी ती चित्रे आहेत. कोणीतरी गावासाठी, कदाचित गाईगुरांसाठी, प्राण दिला आणि गावाने त्याची जाण दगडावर ठेवली. नाव नाही, लेख नाही. ते दगड पायाच्या भरावात जावयाचे होते. जेसीबीवरील पोराने, जो या गावचाही नाही, यंत्र थांबवून विचारले की हे देव आहेत काय. त्याला विचारावेसे वाटले म्हणून आज ते पारावर आहेत. आता त्यांना ऑइल पेंट लावू नये, एवढी विनंती आहे. रंगाने चित्रे बुजतात.

शेवटी पाटीविषयी. पाच हजार एक आणि त्यावरील देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरावीत असा समितीचा ठराव आहे. ठराव योग्य आहे. ज्यांनी कष्टाचा पैसा दिला त्यांचे नाव दिसलेच पाहिजे. पावती हा शब्द पावणे यावरूनच आला आहे. देव पावतो आणि पैसेही पावतात, त्यात लाज कसली? परंतु पाटीच्या खालच्या बाजूला अजून हातभर जागा कोरी आहे. तेथे जुने देऊळ ज्या सुतारांनी आणि पाथरवटांनी उभे केले त्यांची घराणी, पाण्याची आणि वाळूची खेप घालणाऱ्या आळ्या, आणि रोज दुपारी कामकऱ्यांना भाकरी पुरविणाऱ्या महिला मंडळाचा उल्लेख यावा अशी सूचना अनेकांनी केली आहे. अध्यक्षमहाराजांनी ती मान्य केल्याचे त्यांच्या मान डोलावण्यावरून दिसते.

पाथरवट पौर्णिमेनंतर येणार आहे. तोवर ज्या कोणाला जुन्या तुळया कोणी घडविल्या, दीपमाळेचे दगड कोणत्या खाणीतून आणि कोणाच्या गाड्यांतून आले, याविषयी आजोबापणजोबांकडून ऐकलेले काही आठवत असेल, त्यांनी ते समितीच्या चिटणिसांकडे लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर संध्याकाळी आरतीनंतर ओवरीत येऊन सांगावे. शाळेतील दोन मुली वही घेऊन तेथे बसणार आहेत.