पोलाद, चामडं आणि बिल स्केगल



संयोजकांनी मला 'परदेशातील अनुभव' हा विषय दिला होता. बर्फ आणि डॉलर यांच्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत, म्हणून तो विषय मी त्यांच्यावर सोडतो. मी मिशिगन राज्यात नोकरी केली. तिथल्या एका कारागिराबद्दल आज बोलतो. तो १९६३ सालीच वारला, म्हणजे माझी-त्याची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता. पण आपल्या वर्कशॉपच्या तासाला जे बसले आहेत, त्यांना तो कळेल.

त्याचं नाव विल्यम स्केगल. लोक बिल म्हणत. मिशिगन सरोवराच्या काठी मस्कीगन नावाचं गाव आहे, त्याच्याजवळ फ्रूटपोर्ट. तिथे हा एकटा राहायचा, फारसा कुणात मिसळायचा नाही आणि हाताने चाकू घडवायचा. शिकारीचे चाकू, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कुऱ्हाडी. त्याचा माल शिकागोच्या आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतून विकला जायचा. घेणाऱ्याला दुकान माहीत असायचं, घडवणारा कुठे राहतो हे बहुतेकांच्या गावीही नसायचं.

चाकूत एवढं काय असतं, असं बायकांच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, मी ऐकलं. सांगतो. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हलक्या आचेवर धरायचं. पृष्ठभागावर रंग चढत जातो: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. चाकूला पिवळ्या-तपकिरीच्या आसपास थांबायचं. निळ्यावर गेलात तर ती स्प्रिंग झाली, धार टिकणार नाही. हा सगळा खेळ काही सेकंदांचा आणि डोळ्यांचा. आपल्याकडचा लोहार याला 'पाणी देणं' म्हणतो आणि ट्रकच्या कमानपाट्याच्या कोयत्याला ते बरोब्बर देतो. कोयता चांगला निघाला तर आपण 'पाणी चांगलं आहे' म्हणतो. लोहाराचं नाव मात्र विचारत नाही.

स्केगलची खरी ओळख त्याच्या मुठीत होती. पात्याच्या मागे जी बारीक कांब असते, तिच्यावर तो चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवायचा, मधेमधे पितळेच्या किंवा दुसऱ्या कशाच्या पातळ चकत्या, आणि शेवटी हरणाच्या शिंगाचा तुकडा. सगळं दाबून घट्ट करायचं आणि मग हाताला बसेल असं घासत आणायचं. अशी मूठ ओल्या हातातून सहसा निसटत नाही. फोटोत ती नक्षीदार वाटते, हातात घेतली की ती नक्षी नाही हे कळतं.

१९३०च्या दशकात मिशिगनच्याच वलून सरोवरावर एक माणूस होडीचा जुना रंग खरवडत होता. खरवडायला हातात चाकू होता. बो रँडल नावाचे फ्लोरिडाचे एक संत्र्यांचे बागायतदार ते बघत उभे राहिले. इतकं खरवडूनही धार जात नाही, हे पाहून त्यांनी तो चाकूच विकत घेतला. तो स्केगलचा होता. रँडलना त्याने इतकं झपाटलं की घरी जाऊन त्यांनी स्वतः चाकू करायला घेतले. दुसऱ्या महायुद्धात रँडलचे चाकू अमेरिकन सैनिकांच्या कमरेला गेले आणि त्यांचं नाव जगभर झालं. आज अमेरिकेत हाताने चाकू घडवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, तिच्या उगमाशी होडीवरचा तो चाकू आहे. रँडलनी स्केगलचे चाकू गोळा करून जपले, हे मला त्यांच्या स्वतःच्या चाकूंपेक्षा मोठं वाटतं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगणं सगळ्यांना जमत नाही.

पण मी स्केगल निवडला तो एका वेगळ्याच कारणाने. त्या काळात अमेरिकेत पोलिओची साथ यायची. पायातलं बळ गेलेल्या मुलांना उभं राहायला आधार लागायचा, पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि त्यांना बांधणारे चामड्याचे पट्टे. हा माणूसघाणा म्हणवला जाणारा कारागीर अशा मुलांसाठी ते आधार करून द्यायचा आणि पैसे घ्यायचा नाही.

आपल्या वर्गात असे पट्टे बांधून येणारा एक मित्र होता. तो आज समोर बसला आहे, मी नाव घेत नाही, घेतलं तर चहाच्या वेळी माझी धडगत नाही. चालताना त्याच्या गुडघ्याजवळची खिटी कट्‌कट वाजायची आणि बाई फळ्याकडे तोंड करून असल्या तरी त्यांना कळायचं की हा आला. ते पट्टे कुणी केले, कुठल्या गल्लीत केले, पाय वाढला की कोण सैल करून द्यायचं, हे आपण कुणी त्याला कधी विचारलं? चाकूतही पोलाद आणि चामडं, त्या पट्ट्यांतही पोलाद आणि चामडं. चाकूचा लिलाव होतो. स्केगलच्या एकेका चाकूला आज हजारो डॉलर मोजतात. पट्टे मुलं मोठी झाली की अडगळीत जातात.

वर्कशॉपचे सर इथे आहेत. कानशीने घासलेल्या ठोकळ्याला गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की एकच शब्द, 'परत'. सर, स्केगलच्या मुठीचे काही फोटो मोठे करून आणले आहेत, मागच्या टेबलावर ठेवलेत. चकत्यांच्या मधे कुठे उजेड दिसतो का, तेवढं तुम्ही बघून सांगा.